सूर्यग्रहणाचा एक मिनिटाचा चित्रपट आणि १८९८ ची भारतातील ग्रहण-मोहीम : उपलब्ध व हरवलेल्या साधनांचा विचार

प्रस्तावना

मे २०१९ मध्ये लंडन येथील रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट या दोन संस्थांनी जेमतेम एक मिनिट चालणारा एक मूक चित्रपट सर्वांसाठी खुला केला. २८ मे १९०० रोजी अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना प्रांतात दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाचे हे चित्रीकरण आहे. ते नेव्हिल मॅस्केलाइन या इंग्रज जादूगाराने केले होते. सोसायटीच्या संग्रहात शतकाहून अधिक काळ पडून असलेल्या या फितीच्या तुकड्याची एकेक चौकट तज्ज्ञांनी नव्याने टिपली, चौकटींचा क्रम व गती पुन्हा जुळविली आणि चित्रपट पाहण्याजोगा केला. जगातील उपलब्ध असलेला सर्वांत जुना खगोलविषयक चित्रपट, असे त्याचे वर्णन करण्यात येते.

या वर्णनातील ‘उपलब्ध असलेला’ हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षून चालणार नाही. मॅस्केलाइनचा हा पहिला प्रयत्न नव्हता. त्याच्या दोन वर्षे आधी, २२ जानेवारी १८९८ रोजी, त्याने बिहारमधील बक्सर येथे खग्रास सूर्यग्रहणाचे चित्रीकरण केले होते आणि ते साधलेही होते. परंतु परतीच्या प्रवासात त्या फितीचा डबा चोरीस गेला. जी फीत राहिली तिच्यामुळे अमेरिकेतील ग्रहण चित्रपटाच्या इतिहासात आले. जी गेली तिच्यामुळे भारतातील ग्रहण त्या इतिहासाच्या तळटीपेत गेले. ज्या मोहिमेत ही फीत चित्रित झाली ती मोहीम कोकणापासून वऱ्हाडापर्यंत मराठी मुलखातूनही गेली होती. त्या मोहिमेची मराठी मुलखात आज जी आठवण शिल्लक आहे, तीही साधनांच्या अशाच योगायोगाने घडलेली आहे. प्रस्तुत लेखात या दोन बाबींचा एकत्रित विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

जादूगार आणि हौशी खगोलनिरीक्षक

नेव्हिल मॅस्केलाइन या नावाने प्रथमदर्शनी घोटाळा होण्याचा संभव आहे. अठराव्या शतकात इंग्लंडचा राजज्योतिषी असलेला नेव्हिल मॅस्केलाइन (१७३२-१८११) वेगळा. येथे अभिप्रेत असलेला मॅस्केलाइन (१८६३-१९२४) हा जॉन नेव्हिल मॅस्केलाइन या विख्यात जादूगाराचा मुलगा. लंडनच्या पिकॅडिली भागातील इजिप्शियन हॉल हे या कुटुंबाच्या जादूच्या प्रयोगांचे ठिकाण होते आणि १८९६ पासून तेथे चलच्चित्रेही दाखविली जात. जादूच्या खेळाला लागणारी यंत्रे स्वतः घडविण्याची या घराण्याची परंपरा होती. त्यामुळे चित्रीकरणाच्या यंत्राकडे धाकटा मॅस्केलाइन केवळ करमणुकीचे साधन म्हणून पाहत नसे. पुढे १९०३ मध्ये मार्कोनीच्या बिनतारी संदेशाच्या जाहीर प्रात्यक्षिकात स्वतःचे संदेश घुसवून त्याने त्या यंत्रणेचा कच्चेपणा उघड केला. यंत्र नेमके कोठे फसते हे ओळखण्याची दृष्टी त्याच्यापाशी होती.

अशा माणसाला ग्रहण-मोहिमेत स्थान मिळाले ते ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या संस्थेमुळे. १८९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुख्यत्वे हौशी निरीक्षकांची होती आणि तिची दारे स्त्रियांना आरंभापासून खुली होती. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने हेच पाऊल १९१६ मध्ये उचलले, हे लक्षात घेतले म्हणजे दोहोंमधील फरक स्पष्ट होतो. पाद्री, वकील, शिक्षक, गृहिणी, विमाने येण्यापूर्वीच्या काळातील बलूनवीर आणि जादूगार अशी मंडळी या संस्थेत एकत्र येत. बक्सरच्या तुकडीचे प्रमुख रेव्हरंड जॉन बेकन हे स्वतः बलूनमधून उड्डाणे करीत आणि त्यांची कन्या गर्ट्रूड ही मोहिमेत त्यांच्यासोबत होती.

पौष अमावास्या, शके १८१९

२२ जानेवारी १८९८ हा शनिवार होता. पंचांगाप्रमाणे ती पौष अमावास्या. उत्तर हिंदुस्थानात हीच मौनी अमावास्या. त्या दिवशी चंद्राच्या गडद छायेचा पट्टा रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर देशाला टेकला आणि ईशान्येकडे सरकत दख्खन, वऱ्हाड, मध्य प्रांत ओलांडून गंगेच्या खोऱ्यात गेला. कोरडा हिवाळा, निरभ्र आकाशाची जवळजवळ खात्री आणि पट्ट्यालगत धावणारे लोहमार्ग या तीन कारणांमुळे देशोदेशींच्या निरीक्षकांना हे ग्रहण विशेष सोयीचे वाटले.

निरीक्षणाची ठिकाणे पाहिली म्हणजे रेल्वेचा नकाशाच समोर आल्यासारखे वाटते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले. वऱ्हाडातील तळणी येथे असोसिएशनची दुसरी तुकडी उतरली. तीत वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर आणि जॉन एव्हरशेड होते. वर्ध्याजवळील पुलगाव येथे न्यूऑल व कॅप्टन हिल्स होते. राजज्योतिषी क्रिस्टी आणि प्राध्यापक टर्नर रेवा संस्थानातील शहडोल येथे गेले. याला अपवाद एकच, नॉर्मन लॉकयर. त्यांनी समुद्रमार्ग पत्करला आणि ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेच्या साह्याने विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ठाणे दिले. नौकेवरील खलाशांनाच निरीक्षणाचे धडे देऊन त्यांनी आपले मनुष्यबळ उभे केले.

जेऊरला केवळ परदेशी पथकच नव्हते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तेथेच आपला तळ दिला होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि तितकेच सरकारी साह्य यांतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती आणि तिच्यात वीस इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण होती. आधुनिक खगोलभौतिकीचे संशोधन करणारी ती या देशातील आरंभीची वेधशाळा होय. या ग्रहणावरील त्यांचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९८ च्या ग्रहणाचा उल्लेख करताना ‘साहेब आले आणि पाहून गेले’ असा जो सूर लागतो, तो या एका अहवालाने खोटा ठरतो.

मोहिमेचा काळ मात्र साधा नव्हता. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत शिरलेल्या ग्रंथिज्वराने पुणे व भोवतालचा प्रदेश हैराण झाला होता. जून १८९७ मध्ये रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि सप्टेंबरमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. वेदांचा काळ नक्षत्रांवरून ठरवू पाहणारा ‘ओरायन’ १८९३ मध्ये लिहिणारे टिळक या ग्रहणाच्या दिवशी तुरुंगात होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. ग्रहणगणिताची चर्चा मराठीत इतक्या अधिकाराने होत असताना परदेशी पथकांच्या वृत्तांतात येथील समाज बहुधा स्नानाला जमलेली गर्दी किंवा सामान वाहणारे हात एवढ्यापुरताच दिसतो, ही बाब नोंदविण्यासारखी आहे.

कालाचे दोन हिशेब

खग्रास ग्रहणाची मुख्य अडचण वेळेची असते. १८९८ च्या ग्रहणात या देशात कोणत्याही ठाण्याला मिळालेला खग्रास काळ दोन मिनिटांच्या आसपासच होता. वर्षानुवर्षांची तयारी आणि हजारो मैलांचा प्रवास या दोन मिनिटांसाठी. छायाचित्रण येण्यापूर्वी निरीक्षक प्रभामंडलाची चित्रे हाताने काढीत, आणि एकाच ठिकाणी शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. डोळा दिपलेला, हात थरथरणारा आणि मन भारावलेले अशा अवस्थेतील नोंदीवर शास्त्र कसे उभारावे, हा प्रश्न होता.

त्यावर उत्तर म्हणून कॅमेरा आला. मात्र कॅमेऱ्याने काळाचा हिशेब दोन परस्परविरुद्ध रीतींनी केला, आणि १८९८ च्या मोहिमेत या दोन्ही रीती एकाच संस्थेच्या दोन तुकड्यांत आढळतात.

पहिली रीत काळ साठविण्याची. तळणी येथे ॲनी माँडर यांनी दीड इंच व्यासाच्या लहानशा भिंगाचा, परंतु विस्तृत क्षेत्र टिपणारा कॅमेरा वापरला. काच पुरेसा वेळ उघडी ठेवली म्हणजे डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाशही तीवर साचतो. त्यांच्या छायाचित्रात सूर्यापासून सुमारे साठ लक्ष मैलांपर्यंत गेलेला प्रभामंडलाचा किरण उमटला. त्या काळापर्यंत छायाचित्रात टिपलेला तो सर्वांत लांब किरण होता. एव्हरशेड यांनी त्याच ठाण्यावर खग्रास स्थितीच्या कडेला क्षणभर चमकणारा वर्णपट टिपला.

दुसरी रीत काळ कापण्याची. या रीतीचा उगमही खगोलशास्त्रातच आहे. ९ डिसेंबर १८७४ रोजी झालेल्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल झान्सेन यांनी फिरत्या तबकडीवर ७२ सेकंदांत ४८ प्रतिमा घेणारे ‘छायाचित्रण-रिव्हॉल्व्हर’ तयार केले व ते जपानला नेले. शुक्राचे बिंब सूर्यबिंबाला नेमके केव्हा टेकले हे डोळ्याने निश्चित होत नसे. म्हणून क्षणांची मालिकाच टिपावी, ही त्यामागील कल्पना. चलच्चित्राच्या इतिहासात या यंत्राला पूर्वजाचे स्थान दिले जाते. मॅस्केलाइनने बक्सरला जे केले ते झान्सेन यांच्याच कल्पनेचे पुढचे पाऊल होय. त्यासाठी चलच्चित्राच्या कॅमेऱ्याला दुर्बिणीची जोड देणारे खास उपकरण त्याला बनवावे लागले, कारण साध्या भिंगातून सूर्यबिंब फितीवर एखाद्या ठिपक्याएवढेच उमटले असते.

शास्त्रीयदृष्ट्या दुसऱ्या रीतीला मोठी मर्यादा होती. फीत कितीही मंद गतीने चालविली तरी प्रत्येक चौकटीच्या वाट्याला सेकंदाचा लहानसा अंशच येणार. तेवढ्यात प्रभामंडलाचा सूर्यालगतचा तेजस्वी भाग उमटतो, लांबवर गेलेले किरण उमटत नाहीत. अर्थात माँडरबाईंच्या काचेवर जे सापडले ते मॅस्केलाइनच्या फितीवर कधीच सापडणे शक्य नव्हते. मात्र ग्रहण ही घटना आहे, ते स्थिर दृश्य नव्हे, ही गोष्ट केवळ फीतच दाखवू शकत होती.

हरवलेली फीत

बक्सरची फीत चोरीस गेली, यापलीकडे त्या घटनेविषयी तर्क लढविण्यात अर्थ नाही. पण तिचे महत्त्व काय होते याचा अंदाज बांधता येतो. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावे दादा यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले ते १८९९ मध्ये; भारतीय माणसाने केलेले ते पहिले चित्रीकरण मानतात. जानेवारी १८९८ मधील बक्सरची फीत या दोन घटनांच्या मधली आहे. ती राहिली असती तर भारतभूमीवर चित्रित झालेल्या अगदी आरंभीच्या चित्रपटांत तिची गणना झाली असती, आणि भारतीय चित्रपटाच्या इतिहासाला कुस्ती व मिरवणुकीबरोबर आकाशाचाही एक आरंभबिंदू मिळाला असता. सावे दादांच्या फितीही आज उपलब्ध नाहीत. चोरी नसती तरी ज्वालाग्राही सेल्युलॉइडवरील बक्सरची ती फीत टिकली असतीच असे म्हणता येत नाही. मॅस्केलाइनच्या साऱ्या चित्रीकरणातून आज एकच फीत शिल्लक आहे, हे या संदर्भात पुरेसे बोलके आहे.

वेड्सबरोचा एक मिनिट

दोन वर्षांनंतर बेकन पितापुत्री आणि मॅस्केलाइन उत्तर कॅरोलिनातील वेड्सबरो या लहान गावी पोहोचले. तेथे गर्दी मोठी होती. स्मिथसोनियन संस्थेच्या पथकाने १३५ फूट नाभीय अंतराचा प्रचंड कॅमेरा जमिनीवर आडवा मांडला होता. यर्क्स वेधशाळा आणि प्रिन्स्टन विद्यापीठ यांची पथकेही आली होती. खग्रास काळ सुमारे दीड मिनिटाचा. या अवाढव्य यंत्रांच्या शेजारी एका जादूगाराचा फिरकीचा कॅमेरा कोणाला फारसा गंभीर वाटला असेल असे नाही.

चित्रपटात दिसते ते थोडके आहे. सूर्याची कोर बारीक होत जाते, प्रकाश एका टोकाला एकवटतो आणि विझतो. काळ्या बिंबाभोवती प्रभामंडलाचे कडे उरते. मग कडेला प्रकाश फुटतो आणि कोर वाढू लागते. आपल्या पंचांगकर्त्यांनी ग्रहणाचे स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष असे पाच टप्पे मानले आहेत. मॅस्केलाइनची फीत ही प्रामुख्याने संमीलनापासून उन्मीलनापर्यंतची हकीकत आहे, आणि हे दोन शब्द चित्रपटाच्या वर्णनाला इतके चपखल बसतात की पर्यायी संज्ञेची गरजच भासत नाही. ‘डोळा मिटणे’ व ‘डोळा उघडणे’ हाच त्यांचा मूळ अर्थ.

चित्रपटात न दिसणारे पुष्कळ आहे. त्यात माणूस नाही, गाव नाही, तंबू नाहीत, फिरकी फिरविणारा हातही नाही. पार्श्वभूमी पूर्ण काळी असल्याने ठिकाण ओळखण्याची एकही खूण नाही. ही फीत वेड्सबरोची आहे हे फितीवरून कळत नाही. ते सोसायटीच्या संग्रहातील नोंदी आणि मोहिमेचे छापील वृत्तांत यांवरून कळते. चित्रपट हा प्रत्यक्ष पुरावा आहे असे आपण सहज म्हणतो, परंतु या बाबतीत लिखित कागदाच्या आधाराशिवाय तो मुका राहतो. उद्या बक्सरचा डबा एखाद्या माळ्यावर सापडला आणि त्यावर चिठ्ठी नसली, तर त्यातील ग्रहण कोणते हे ठरविण्यासाठी प्रभामंडलाच्या आकाराचाच आधार घ्यावा लागेल.

विजयदुर्गाचे कट्टे

चिठ्ठी नसलेल्या साधनाचे काय होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयर यांनी याच कट्ट्यांवरून सूर्यग्रहण पाहून हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, अशी हकीकत वृत्तपत्रीय लेखांतून व पर्यटनविषयक मजकुरातून वारंवार सांगितली जाते आणि १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून तेथे साजराही होत आला आहे.

ज्ञात घटनाक्रम वेगळा आहे. १८६८ च्या ग्रहणासाठी झान्सेन व मेजर टेनंट गुंटूरला होते, पॉगसन मछलीपट्टणला, लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला आणि कॅप्टन हेग विजापूरला. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी झान्सेन यांनी ग्रहण नसतानाही सौरज्वाळांचे वर्णपट पाहता येतात हे गुंटूर येथे दाखवून दिले. लॉकयर यांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून साध्य केली. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. सोडियमच्या रेषांजवळची जी पिवळी रेषा वर्णपटात दिसली ती पृथ्वीवरील ज्ञात द्रव्यांपैकी कोणाचीच नाही, हा निष्कर्ष लॉकयर यांनी त्यानंतर काढला. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत.

लॉकयर विजयदुर्गाला आले ते १८९८ मध्ये. रॅम्झी यांच्या शोधाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती आणि हेलियमचे भाकीत करणारा शास्त्रज्ञ म्हणून लॉकयर यांचे नाव सर्वतोमुखी होते. म्हणजे आख्यायिकेतील माणूस खरा, त्याने किल्ल्यावर येऊन ग्रहण पाहिले हेही खरे. साल तीस वर्षांनी मागे सरकले आणि शोध चुकीच्या जागी येऊन बसला. दगडी कट्टे शिल्लक होते, त्यांच्याबरोबरचा कागद मात्र लोकांपर्यंत पोहोचला नाही. या दुरुस्तीने विजयदुर्गाचे महत्त्व कमी होते असे मानण्याचे कारण नाही. एका सागरी किल्ल्यावर युद्धनौकेचे खलाशी वर्णपटदर्शक घेऊन उभे आहेत, हा प्रसंग मुळातच असाधारण आहे. त्याला उसन्या शोधाची गरज नाही.

जेऊरला अशी प्रसिद्धी लाभली नाही. नायगमवाला १९१२ मध्ये सेवानिवृत्त झाले, त्यासरशी पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची वीस इंची दुर्बीण व इतर उपकरणे कोडाईकनाल येथील वेधशाळेकडे पाठविण्यात आली. ती उतरवून घेतली गेली तेव्हा तेथील संचालकपदी जॉन एव्हरशेड होते. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या पौष अमावास्येला ते तळणीच्या माळावर आपला वर्णपट टिपत होते.